एस्टी विरुद्ध मोहोळ

१८ जानेवारी २०२६, रविवार

टेनिसची रॅकेट मी आयुष्यात दोनदा हातात धरली आहे, दोन्ही वेळा शाळेच्या क्रीडासाहित्याची मोजदाद करताना. तरीही आज मला एस्टोनिया या देशाच्या समर्थकांचा प्रमुख नेमण्यात आलं आहे.

सकाळी उदयसिंह घरी आले. ते जिल्हा टेनिस संघटनेचे सचिव आणि माझे जुने विद्यार्थी. सातवीत असताना कवायतीला कायम उशिरा यायचे. त्यांनी सांगितलं, पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सांघिक टेनिस स्पर्धेतली एक पात्रता लढत सहा आणि सात फेब्रुवारीला सोलापुरात होणार आहे. एस्टोनिया विरुद्ध मोल्दोव्हा. जिंकेल तो वरच्या गटात जाणार. दोघांचीही आपापल्या देशात सोय झाली नाही, म्हणून तिसऱ्या देशातलं मैदान शोधत शोधत ते आपल्यापर्यंत आले.

"यात भारत कुठं आहे?" मी विचारलं.

"भारत नाहीच की सर. तीच तर अडचण आहे." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सामना मोबाइलवर जगभर दिसणार. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर पुन्हा आपल्याला कोण सामना देईल? आणि नुसती माणसं आणून बसवली तर ती पेंगतात. कुणाच्या तरी बाजूनं बसवावी लागतात."

त्यासाठी त्यांनी आमच्या भागाची वाटणी केली आहे. सम नंबरची घरं एस्टोनियाची, विषम नंबरची मोल्दोव्हाची. आमचं घर बेचाळीस. मी हो म्हणालो. एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवून येत्या एकतीस तारखेला मी निवृत्त होतो आहे. त्यानंतर पहाटे उठून करायचं काय, हा प्रश्न निदान आठवडाभर तरी पुढे गेला.

दानेश्वरी शाळांचे गणवेश शिवते. मशीन न थांबवता तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मोल्दोव्हाचं कोण बघणार?" ते अजून ठरलेलं नाही, असं मी सांगितलं. तिला खेळात रस नाही, पण चौकशी केली हे बरं वाटलं.

२० जानेवारी, मंगळवार

पहिली सभा आमच्या गच्चीवर. हजर एकवीस, सगळे पुरुष. मी टाळ्यांची कवायत बसवली. एक-दोन, टाळी. एक-दोन, टाळी. खेळाडू सर्व्हिस करताना सावधान, गुण झाल्यावर विश्राम.

अडचण नावाची आली. "एस्टोनिया" ओरडताना शेवटपर्यंत दम पुरत नाही. चव्वेचाळीस नंबरचे जोतीराम पुढे आले. ते एसटी महामंडळातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत. म्हणाले, "गुरुजी, एस्टी म्हणू की. माझा जन्म एस्टीत गेला, तोंडात बसल्यालं हाय."

ते मंजूर झालं. एस्टी, टाळी. फारच सुटसुटीत.

२३ जानेवारी, शुक्रवार

मोल्दोव्हाच्या समर्थकांची प्रमुख म्हणून दानेश्वरीची निवड झाली.

विषम घरांतल्या बायकांनी तिचं नाव सुचवलं आणि उदयसिंहांनी लगेच लिहून घेतलं. मी म्हणालो, आपलं घर सम नंबरचं आहे. त्यावर ती म्हणाली, "घर बेचाळीस असेल. माझं काय?" मी नियम पुन्हा वाचले, त्यात याचा कुठे उल्लेख नव्हता.

त्या बायकांनी मोल्दोव्हाचं मोहोळ केलं आहे. मोहोळ हे दानेश्वरीचं माहेर. मला वाटतं तेवढ्यावरच तिने गमतीत हो म्हटलं असावं. चार दिवसांत कंटाळेल.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन केलं. शाळेतलं माझं शेवटचं. संचलनात सातवी ब चुकली.

एस्टोनियाच्या बाजूला आता एकशे चाळीस माणसं आहेत. जोतीरामांनी डेपोत निरोप धाडला होता. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, सुट्टीवरचे, निवृत्त, सगळे आले. त्यातल्या काहींची समजूत अशी दिसते की सामना एसटी महामंडळाचाच आहे. एकाने विचारलं, आपला संघ कोणत्या विभागाचा. मी नकाशा काढून युरोप दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "तिकडं गाडी जाती?"

खाकी घालूनच येणार, असं त्यांनी ठरवलं आहे. गणवेश मला नेहमीच आवडतो, म्हणून मी हरकत घेतली नाही.

२८ जानेवारी, बुधवार

दानेश्वरी कंटाळलेली नाही. आज मोहोळहून तीन जीपगाड्या आणि एक टेम्पो भरून बायका आल्या. त्यांच्या पुढारी बजाबाई. साठीच्या, उंच, आवाज असा की आमच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. दानेश्वरीला त्या "दाने" म्हणतात. मी तरी तिला तसं कुणी म्हटलेलं कधी ऐकलं नाही.

मी बजाबाईंना समजावलं की संघ मोल्दोव्हाचा आहे, मोहोळचा नाही. तो देश फार लांब आहे.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "लांबनं आल्यात म्हंजी त्यांच्या बाजूनं कोण नसंल मग."

त्यांना मुद्दा कळला नाही, असं मी दानेश्वरीला म्हणालो. ती म्हणाली, "त्यांना कळला."

त्यांचा सराव मैदानावर असतो. मी लांबून पाहिला. एक-दोन नाही, काही नाही. दानेश्वरी हात वर करते तेव्हा मोहोळच्या आणि इथल्या मिळून अडीचशे बायका एकदम गप्प होतात आणि हात खाली आला की आरोळी उठते. शिस्त अशी म्हणता येणार नाही, पण काहीतरी आहे.

३१ जानेवारी, शनिवार

निरोप समारंभ झाला.

सभागृहात दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. एकोणचाळीस भरल्या. शेजारपाजारचे, नात्यातले, विषम घरांतले बहुतेक लोक मोहोळच्या सरावाला गेले होते आणि माझी माणसं दुपारच्या ड्यूटीवर होती. मुख्याध्यापकांनी माझ्या कार्याचा गौरव केला. शाल, श्रीफळ, घड्याळ. मी बोलायला उभा राहिलो आणि सवयीने मोजणी केली, म्हणून आकडा पक्का सांगता येतो.

दानेश्वरी शेवटी आली, घामाने डबडबलेली, आणि मागच्या रांगेत बसली. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर मी विचारलं. तिने तळहात दाखवले. दोन्ही सुजून लाल झाले होते.

"आज सकाळपासून वाजवतेय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी उरल्या नाहीत."

मी हळद गरम करून दिली. मला वाईट वाटलं होतं, ते इथे लिहून ठेवतो. तिला सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही संघ आले. एस्टोनियाचे पाच जण आणि एक कप्तान, साठीकडे झुकलेला, पांढऱ्या भुवयांचा. मोल्दोव्हाचे कप्तान सोडून चारच. त्यांचा एक खेळाडू पुण्यापर्यंत आला आणि ताप येऊन तिथेच राहिला.

सरावाच्या वेळी आम्ही तीनशे जण उभे राहिलो आणि मी खूण केली. एस्टी, टाळी. एस्टी, टाळी. कप्तानाने रॅकेट खाली ठेवली. तो आमच्यासमोर आला आणि तसाच उभा राहिला. मग माझे दोन्ही हात धरून इंग्रजीत सावकाश बोलला. माझं इंग्रजी बेताचं, पण उदयसिंह होते. त्यांनी सांगितलं, या लोकांच्या भाषेत त्यांच्या देशाचं नाव खरोखर एस्टी आहे. एस्टोनिया हे बाकी जगाने ठेवलेलं. कप्तान म्हणत होता, तो चाळीस देशांत खेळला, पण परक्या देशात कोणी त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली नव्हती. तुम्ही हे कुठून शिकलात?

मी म्हणालो, आम्ही अभ्यास केला.

हे खोटं आहे. एकतीस वर्षांत मुलांना एकदाही खोटं बोलू दिलं नाही. पण त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मागे जोतीराम खाकीत उभे राहून त्याला सलाम करत होते. दुसरं काय सांगणार?

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोल्दोव्हाचा दुसरा खेळाडू इओन. बावीस वर्षांचा, सहा फूट चार इंच, खांदे पाडून चालणारा. जागतिक क्रमवारीत तो कुठे आहे ते उदयसिंहांनी पाहिलं, बरंच खाली जावं लागलं. त्याचं नाव बायकांच्या जिभेवर बसेना, म्हणून बजाबाईंनी त्याचं युवराज ठेवलं. आता तो त्या नावाला वळून बघतो. दानेश्वरीने त्याला दोन दशम्या आणि दही दिलं. समोरच्या बाजूला हे चालतं का, मला माहीत नाही.

आज बजाबाई सहज म्हणाल्या, "दाने पळायची तशी पोरगी म्या पुन्हा बघितली न्हाय. नऊ नऊ मिन्टं हाताला लागत नव्हती."

मी विचारलं, कशात?

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी वर्गात चुकीचं उत्तर दिलं होतं. "खो-खोत की. जिल्ह्याची कप्तान व्हती तुमची बायको. राज्याच्या संघात नाव आलं आन् लगीन ठरलं."

संध्याकाळी दानेश्वरीला विचारलं. ती दोरा ओवत होती. म्हणाली, हो.

"चौतीस वर्षं झाली लग्नाला. बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

विचारायला आधी विषय निघावा लागतो. मी घरी रोज खेळाविषयीच बोलत होतो, त्यामुळे तो निघाला नसावा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला दिवस. १-१.

सकाळी आमच्या दुसऱ्या खेळाडूची, रास्मुसची लढत. जोतीरामांनी डेपोतून जुनी घंटी आणली होती, दोरीसकट. गाडी सोडताना दोनदा वाजवतात तशी ते प्रत्येक सर्व्हिसच्या आधी वाजवू लागले. टिंग टिंग. रास्मुसला ती मानवली. पहिला सेट सहा-एक. दुसऱ्या सेटच्या मध्यावर खुर्चीवरच्या पंचांनी घंटीला बंदी घातली आणि घोटाळा झाला. रास्मुस चेंडू जमिनीवर आपटत उभा राही आणि दोन टोल्यांची वाट पाही. ते येत नसत. त्याने लागोपाठ पाच दुहेरी चुका केल्या. जोतीरामांना बघवेना. ते तोंडाने म्हणाले, "जाऊ द्या." हे दोन शब्द रास्मुसला लागू पडले आणि तो कसाबसा जिंकला.

दुपारी इओनने आमच्या पहिल्या खेळाडूला हरवलं. मोहोळकडून असा आवाज उठला की पंचांनी कानातलं यंत्र काढून तपासलं.

दानेश्वरी स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. घरी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. भांडण नव्हतं. तिचा आवाज बसला होता आणि माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिता आलं नाही. क्रमाने लिहितो.

दुहेरी आम्ही जिंकलो. त्यानंतरची एकेरी त्यांनी जिंकली. २-२. सगळं शेवटच्या लढतीवर आलं, रास्मुस विरुद्ध इओन.

पहिला सेट आमचा, दुसरा त्यांचा. तिसऱ्यात इओन दोन-पाच असा मागे पडला आणि चेंडू घ्यायला धावताना पोटरी धरून खाली बसला. वांब आला होता. डॉक्टरांनी काहीतरी फवारलं, पण तो उठेना. त्यांच्या कप्तानाने दोन्ही हात हवेत उडवले. माझ्या बाजूची माणसं डबे आवरायला लागली.

तेव्हा दानेश्वरी गॅलरीच्या पायऱ्या उतरून कठड्यापाशी आली. साडीचा पदर खोचला, खो-खोच्या पाटीवर बसतात तशी बसली, एक पाय पुढे, बोटं जमिनीला टेकलेली, आणि उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. बावन्न वर्षांची बाई. तिचे गुडघे दुखतात, रोज संध्याकाळी तेल लावते. इओन तिच्याकडे बघत होता. मग मागून बजाबाई बसल्या आणि उठल्या, मग पहिली रांग, मग अडीचशे बायका एकाआड एक, अर्ध्या इकडे तोंड करून, अर्ध्या तिकडे. कोणी आवाज केला नाही. फक्त बांगड्या वाजत होत्या. पंचांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि बराच वेळ पानं उलटली. शेवटी मिटलं, कारण बसून उठण्याविरुद्ध त्यात काही नव्हतं.

इओन हसला. त्याने तसाच पाय पुढे घेतला, बोटं टेकली आणि उठला.

तीन-पाच. चार-पाच. पाच-पाच. सहा-सहा झाले आणि टायब्रेक सुरू झाला. त्यातही सहा-सहा. पुढचा गुण मी मोजत होतो. चौतीस फटके. शेवटच्याला इओन पूर्ण आडवा पडला आणि पडता पडता चेंडू रेषेवर टाकला. सात-सहा. आणखी एक गुण मिळाला की मोल्दोव्हा जिंकणार होतं.

सगळीकडे आरोळी उठली. त्यात एक आवाज माझ्या अगदी जवळून आला. "मोहोळ." कोण ओरडलं म्हणून मी वळून पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उभा होतो आणि माझे दोन्ही हात वर होते.

जोतीराम आले. रागावलेले नव्हते. त्यांनी माझ्या दंडावरची निळी-काळी-पांढरी पट्टी सोडली, नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"गुरुजी," ते हळू म्हणाले, "तुमचं तिकीट हितवरच व्हतं. उतरा."

चारशे खाकीवाल्यांनी मला वाट करून दिली. एकाने माझी पाण्याची बाटली हातात दिली. एकतीस वर्षांत मला कोणी मैदानाबाहेर काढलेलं नाही. मी काढलेली मुलं कशी चालत जायची, ते मला तेव्हा आठवलं.

समोर मोहोळच्या बाजूला जायची मला लाज वाटली. दोन्हींच्या मध्ये पाण्याची पिंपं ठेवली होती, तिथे जाऊन उभा राहिलो. तिथून कोर्ट दिसत नाही, पडदा आड येतो. दानेश्वरी मात्र समोर दिसत होती. शेवटचे गुण मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले. डोळे डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. श्वास घेतला, म्हणजे सात-सात. ओठ मिटले, म्हणजे आठ-सात, एस्टी. मग डोळे बराच वेळ हलत राहिले. इकडे, तिकडे, इकडे. अशी पाहत असलेली ती मला माहीत नव्हती. सामना कधीच संपू नये असं मला वाटत होतं. मग डोळे एका जागी थांबले.

एस्टोनिया जिंकलं. नऊ-सात.

माझ्या बाजूकडून एस्टी, एस्टी सुरू झालं. टाळ्या मी बसवल्या तशाच पडत होत्या. कप्तान मला शोधत होता असं नंतर कळलं. त्याला सांगितलं गेलं की गुरुजी उतरले.

इओन कोर्टवर टॉवेलमध्ये तोंड घालून बसला होता. बजाबाई कठडा ओलांडून थेट त्याच्यापाशी गेल्या. पंच आडवे आले, त्यांना त्यांनी हाताने बाजूला केलं. "ऊठ युवराज," म्हणाल्या. "हारलास तर हारलास. गावाकडं चल, जेवाय." त्याला शब्द कळले नसणार, पण तो उठला. आज दुपारी मोल्दोव्हाचे चारही खेळाडू जीपमध्ये बसून मोहोळला गेले. हार, हलगी, फेटे. उदयसिंह कपाळाला हात लावून म्हणाले, हरलेल्या संघाची मिरवणूक कुठल्याच नियमात बसत नाही. मी त्यांना म्हणालो, बसून उठणंही बसत नव्हतं.

मोहोळहून परत येताना मी स्कूटर थांबवली आणि दानेश्वरीला विचारलं, "राज्याच्या संघात तू कुठं खेळणार होतीस?"

तिने पदर सारखा केला. मग सांगायला लागली. आम्ही रस्त्याच्या कडेला तसेच उभे होतो. ती पाऊण तास बोलली. खांबाला कसं वळायचं, हुलकावणी खांद्याने द्यायची की नजरेने, आणि लातूरच्या संघात एक डावखुरी होती तिने हिला कसं फसवलं. अर्ध्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. मी हा विषय एकतीस वर्षं शिकवला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जोतीराम पट्टी परत द्यायला आले होते. मी म्हणालो, राहू द्या तुमच्याकडे. ते म्हणाले, "राग नका धरू गुरुजी. गाडीत शिस्त लागती." मी म्हणालो, तुम्ही केलं ते योग्यच होतं. त्यांना चहा दिला. तो मी केला होता. त्यांनी अर्धा घेतला आणि उशीर होतोय म्हणाले.

२२ फेब्रुवारी, रविवार

मोहोळच्या बायकांनी दर रविवारी खो-खो खेळायचं ठरवलं आहे. शिकवणार दानेश्वरी. आज पहिला दिवस. मी स्कूटरवरून तिला सोडायला गेलो आणि मैदानाच्या कडेला थांबलो. चुन्याची रेघ वाकडी पडली होती, ती मी सांगितली. तिने मान डोलावली आणि ती तशीच ठेवली.

अकरा बायका आल्या होत्या. बारा लागतात, नऊ खेळायला आणि तीन राखीव. दानेश्वरीने इकडे तिकडे पाहिलं.

"या," ती मला म्हणाली.

मी चप्पल काढली. आधी पळायला उतरवलं. बजाबाईंनी मला अकराव्या सेकंदाला बाद केलं, पाठीत धपाटा घालून. वेळ मी स्वतः मोजत होतो. त्यानंतर दानेश्वरीने मला राखीव ठेवलं. मी कडेला मांडी घालून टेकलो.

"असं नाही," ती म्हणाली. "राखीवने आरामात बसायचं नसतं. कधी बोलावतील सांगता येत नाही."

तिने माझा पाय धरून पुढे घेतला, बोटं जमिनीला टेकवली आणि पाठ सरळ केली. मग खेळायला गेली. गुडघे भयंकर दुखत होते. ऊन चढेपर्यंत मी तसाच बसलो होतो, तिच्याकडे बघत. आज बोलावलं नाही.